लीग शेजाऱ्याची, कप आपला

आमच्या घरापासून ऱ्हाइन नदी चालत पंधरा मिनिटांवर आहे. तिच्यावर १९०१ साली बांधलेला लाकडी पूल आहे, अख्ख्या पुलावर छप्पर असलेला. अलीकडे स्वित्झर्लंडचं झेवेलेन गाव, पलीकडे फादुत्स, म्हणजे लिक्टेनश्टाइनची राजधानी. (नकाशात तुम्ही ‘वाडुझ’ वाचलं असेल, इथली माणसं फादुत्सच म्हणतात.) पुलाच्या मध्यावर देशाची सीमा. पासपोर्ट कुणी विचारत नाही. मॅच असली की लाल मफलर गुंडाळून मी निघतो आणि पायी चालत परदेशात जातो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलची टीम तालमीची असते, म्हणजे पेठेची, म्हणजे घरचीच. शाहू स्टेडियमवर आपली टीम हरली की त्या रात्री जेवण गोड लागत नाही. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, तुमच्या देशाची लीग कधी सुरू होते? उत्तर मिळालं, लीग नाहीच. साधारण चाळीस हजार वस्तीचा देश, त्यात क्लब सात. सातही क्लब स्वित्झर्लंडच्या वेगवेगळ्या स्तरांवरच्या लीगमध्ये खेळतात. त्यातला सर्वांत मोठा एफसी फादुत्स.

हा क्लब १४ फेब्रुवारी १९३२ रोजी स्थापन झाला. पहिला हंगाम तो ऑस्ट्रियाच्या फोरार्लबर्ग भागातल्या संघांबरोबर खेळला आणि १९३३ पासून स्वित्झर्लंडमध्ये. मला हे वाचून देशाचाच इतिहास आठवला. पहिल्या महायुद्धापर्यंत लिक्टेनश्टाइन ऑस्ट्रियाला बांधलेला होता. ते साम्राज्य कोसळल्यावर त्याने स्वित्झर्लंडशी १९२३ साली जकातीचा करार केला आणि फ्रँक हेच चलन घेतलं. दहा वर्षांनी फुटबॉलही त्याच वाटेने नदी ओलांडून आलं.

मैदानावरून मान वर केली की डोंगराच्या कड्यावर राजाचा वाडा दिसतो. या घराण्याचं नावच देशाला मिळालं, पण घराणं राहायचं व्हिएन्नाकडे. राज्यावर असलेला राजा इथे पहिल्यांदा पाऊल ठेवून गेला तो १८४२ साली, आणि कायमचा राहायला आला तो १९३८ मध्ये. म्हणजे फादुत्सचा क्लब फादुत्सच्या राजाआधी सहा वर्षं इथला रहिवासी! हे कळल्यापासून त्या वाड्याकडे पाहताना मला क्लबचा जास्तच अभिमान वाटतो.

लीग नसली तरी देशाचा स्वतःचा कप आहे, १९४६ पासून. फादुत्सने तो पहिल्यांदा १९४९ साली जिंकला आणि आजवर पन्नासच्या आसपास वेळा. १९९८ ते २०११ सलग चौदा वर्षं. मग २०१२ मध्ये एशेन-माउरेन या देशातल्याच क्लबने फायनलमध्ये त्यांना हरवलं. एकच क्लब जिंकतो त्या कपात काय मजा, असं ऑफिसातले स्विस सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. फादुत्स स्विस लीगमध्ये कितीही वर गेला तरी स्वित्झर्लंडचा प्रतिनिधी म्हणून युरोपियन स्पर्धेत जाऊ शकत नाही. युरोपचा त्याचा दरवाजा एकच, हा कप. गावागावातल्या हौशी पोरांशी खेळून जिंकायचा आणि मग थेट मोठमोठ्या क्लबांसमोर उभं राहायचं.

१९९२ साली पहिल्यांदा युरोपियन स्पर्धेत गेले तेव्हा ओडेसाच्या चोर्नोमोरेत्स क्लबने दोन सामन्यांत मिळून बारा गोल घातले, यांनी एक केला. १९९६ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनकडून हरले. पुढे २००८ साली स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचले, खाली आले, पुन्हा दोनदा वर गेले.

आणि मग २०२२. तेव्हा क्लब स्विस दुसऱ्या श्रेणीत होता. कॉन्फरन्स लीग या युरोपियन स्पर्धेच्या पात्रता फेरीत तुर्कस्तानच्या कोन्यास्पोरशी घरी १-१ बरोबरी, आणि तिकडे जाऊन ४-२ विजय. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत समोर व्हिएन्नाचा रापिड, ऑस्ट्रियात सर्वाधिक वेळा लीग जिंकलेला क्लब. घरी १-१. परतीचा सामना २५ ऑगस्टला व्हिएन्नात. मी शेजारच्या आजोबांकडे टीव्हीसमोर बसलो होतो. ते जन्माने फादुत्सचे, लग्नानंतर नदीच्या या बाजूला आले. एक गोल झाला तो फादुत्सचा, आणि त्यानंतर आजोबा खुर्चीत बसलेच नाहीत, कपाटाला हात टेकून उभे राहिले. १-०. लिक्टेनश्टाइनचा क्लब पहिल्यांदा युरोपियन स्पर्धेच्या गटफेरीत गेला होता, आणि तोही व्हिएन्नात जिंकून. आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही.

गटात सहा सामने झाले. दोन बरोबरीत सुटले, चार हरले. पहिल्या घरच्या मॅचला आजोबांना घेऊन मी पुलावरून गेलो. मध्यावरची सीमेची खूण आली तशी त्यांनी मफलर नीट केला आणि जरा भराभर चालू लागले.