सकाळी ठीक, सिग्नलला थरथर: माझा अनुभव

"सकाळी चालू करून बघितली सर, एकदम ओके आहे." पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये हे वाक्य मी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा गाडी तशीच घरी आणली.

सकाळी आरपीएमचा (इंजिनच्या वेगाचा) काटा साडेसातशेवर स्थिर असायचा. सिंहगड रोडवर अर्धा तास चालली, इंजिन तापलं, की सिग्नलला काटा पाचशेवर घसरायचा, स्टीअरिंग थरथरायचं. एकदा आई शेजारी असताना ऐन पुलावर बंद पडली. रेस दिली की पुन्हा सुरळीत.

पहिल्या फेरीत प्लग बदलले, दुसऱ्या फेरीत थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, तिसऱ्या वेळी पेट्रोलवर खापर. "गरम गाडीवर टेस्ट ड्राइव्ह घ्या" असं मी जॉबकार्डवर लिहून घेतलं होतं. तरी गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंडच तपासली! याचा राग अजून गेलेला नाही, कारण थंड इंजिनात हा दोष दिसतच नव्हता.

शेवटी सोसायटीजवळच्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी वीस मिनिटं गाडी फिरवली, मगच स्कॅनर लावला. पेंडिंग कोड (अजून पक्का न झालेला दोष) पी ००११, म्हणजे इनटेकचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम पाहिजे त्यापेक्षा पुढे, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतात. थंड इंजिनात कॅमचा फेजर, म्हणजे कॅमचा कोन मागे-पुढे करणारा भाग, पिनने लॉक असतो. गरम झाल्यावर ऑइलच्या दाबाने तो फिरतो आणि आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) मागे यायला हवा. फेजरला ऑइल सोडणारा माझा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकत होता, त्यामुळे कॅम पुढेच राहायचा. मग इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह नको तितका वेळ एकत्र उघडे राहतात, जळालेला वायू सिलिंडरमध्ये परत येतो आणि आयडल डळमळतं.

ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्याची बारीक जाळी काळ्या चिकट गाळाने भरलेली. गाडी सेकंडहँड घेतलेली, आधीच्या ऑइल चेंजची नोंद नव्हती. नवा व्हॉल्व्ह, ऑइल आणि फिल्टर, दीड तासात काम झालं. घरी येताना प्रत्येक सिग्नलला काट्याकडेच बघत होतो. हलला नाही.

तुमचंही असंच होत असेल तर गरम गाडीतला काट्याचा व्हिडिओ काढून ठेवा. स्कॅनरवर कॅमचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष कोन शेजारीशेजारी बघायला सांगा. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं हवं. आणि हो, प्लगवर खर्च करण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बघा. माझी ऑइल लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली होती आणि तीन जॉबकार्डांपैकी एकावरही त्याची नोंद नाही.