तुम्ही विचारलंत म्हणून: निकाल शंभर टक्के का नाही?

पालकसभेत, लग्नकार्यात, लक्ष्मी रोडवर गाठ पडलेल्या माजी विद्यार्थ्यांकडून, प्रश्न ठरलेला असतो: "बाई, पूर्वी आपल्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा. आता का नाही?"

लागायचा. कसा लागायचा, ते आज सांगते.

नववीतली जी मुलं दहावीला अडकतील असं वाटायचं, त्यांच्या पालकांना आम्ही बोलावून घ्यायचो. दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा, असं सुचवायचो. मूल बाहेरून बसतं. बोर्ड तेच, परीक्षा तीच, फक्त ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही. २०१० पासून शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं, म्हणून सगळी चाळणी नववीत लागायची. मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा ही रीत आधीपासूनच होती. पण पहिली तीन वर्षं मी ती चालू ठेवली, हेही खरं.

दुसऱ्या वर्षी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली एक आई आली. मुलगा पहाटे मामाबरोबर मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवून शाळेत यायचा. पहिल्या तासाला डोळे मिटायचे. मराठीचा धडासुद्धा ओळीखाली बोट धरून वाचायचा. मी नेहमीचं बोलले. 'त्याच्या हिताचंच आहे,' असं दोनदा म्हणाले. दाखल्याच्या अर्जावर सही करता करता ती थांबली आणि तिने विचारलं, "बाई, सतरा नंबर म्हणजे ह्याचा वर्गात सतरावा नंबर आला का?"

उत्तर मी द्यायला हवं होतं. दारातून मुलगाच म्हणाला, "आई, फॉर्मचा नंबर आहे तो. सही कर."

तिने एकेक अक्षर जोडत सही केली.

त्याने फॉर्म भरलाच नाही, हे मला दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळलं.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, निकाल घसरला की प्रवेश घटतात, पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात तेव्हा, शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्यांच्या घरचं कोण बघणार? तिचं म्हणणं खोटं नाही. पण त्या मुलाच्या आईला मी साधं समजावूनही सांगितलं नव्हतं, आणि त्याचा संबंध ना पटाशी होता, ना निकालाशी. बाहेर पुढचे पालक थांबले होते, एवढंच.

आता नववीतून कुणाला काढत नाही. वाचनाचा तास मी स्वतः घेते. गेल्या वर्षी अशी ठेवून घेतलेली एक मुलगी गणित आणि इंग्रजीत राहिली. तिचे वडील म्हणाले, "बाहेरून बसवलं असतंत तर निदान शाळेच्या फळ्यावर तरी दिसलं नसतं." त्यांना काय सांगावं, मला अजून सुचलेलं नाही. मुलगी पुरवणी परीक्षेसाठी रोज चार वाजता येते. आज आम्ही वर्गसमीकरणं घेतली.