‘थांबवा’ बटणापायी गेलेले चार दिवस

आधी एक सांगून टाकतो: वजनकाट्याची सिरीयल वायर (वजनाचा आकडा बाहेर पाठवणारी) लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायला जे बोटभर कन्व्हर्टर मिळतं, ते स्वस्तातलं घेऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मालवणात माझ्या मामाचा मासळी खरेदीचा धंदा आहे. ३१ जुलैला पावसाळी बंदी संपली की त्याच्या काट्यापाशी उभं राहायला जागा नसते. काट्याच्या मागच्या सिरीयल पोर्टमधून वजन उचलून पावती छापणारा प्रोग्राम मी त्याला सी प्लस प्लसमध्ये लिहून दिला, विंडोजवर. वजन वाचणं, पावती, रोजची बेरीज हे सगळं दोन संध्याकाळींत उरकलं. अडलो ते ‘थांबवा’ बटणावर.

काट्यावर टोपली येईपर्यंत काटा गप्प. रीडफाइल या विंडोजच्या वाचायच्या फंक्शनने असिंक्रोनस (उत्तरासाठी अडून न बसणारी) मागणी टाकली की ते फंक्शन ९९७ हा कोड देऊन लगेच परततं, म्हणजे ‘मागणी घेतली, काम पेंडिंग’. स्क्रीन अडकत नाही, ही त्यातली सोय. पण मामाला दुकान आवरायचं असतं आणि मागणी मात्र न येणाऱ्या टोपलीची वाट बघत पोर्ट धरून बसलेली. ती मागे कशी घ्यायची?

मी कॅन्सलआयओ हे मागण्या रद्द करायचं फंक्शन वापरलं. फंक्शन म्हणालं, यशस्वी. मागणी जागची हलली नाही. अर्धा दिवस डोकं फोडल्यावर कळलं, की कॅन्सलआयओ ज्या थ्रेडवरून (प्रोग्राममधल्या कामाच्या स्वतंत्र धाग्यावरून) बोलावलं, फक्त त्याच थ्रेडने टाकलेल्या मागण्या रद्द करतं. माझं बटण एका थ्रेडवर, वाचन दुसऱ्यावर. रद्द करण्यासारखं त्याला काही सापडलंच नाही, आणि न सापडण्यालाही ते यशच म्हणतं! विंडोज व्हिस्टापासून कॅन्सलआयओईएक्स आलंय. ते प्रोसेसमधल्या कुठल्याही थ्रेडवरून चालतं, ओव्हरलॅप्ड (मागणी टाकताना सोबत दिलेली तिची नोंद) दिलं तर नेमकी तेवढीच मागणी रद्द करतं, आणि काही सापडलं नाही तर ११६८ हा कोड देऊन तसं सांगतं तरी.

ते घातलं, बटण चाललं, मी खूश. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. पावतीवर एका गिऱ्हाइकाच्या नावात मधेच ‘१२.४०’ छापलं गेलं होतं. सुरमईचं वजन माणसाच्या नावात!

चूक माझीच. कॅन्सलआयओईएक्स ‘हो’ म्हणतं, त्याचा अर्थ ‘रद्द झालं’ असा नसून ‘रद्द करायला सांगितलं’ एवढाच असतो. मागणी त्यानंतरही तीन प्रकारे संपू शकते. खरोखर रद्द होते, तेव्हा ९९५ मिळतो. किंवा तेवढ्यात वजन आलेलं असतं आणि ती नेहमीसारखी पूर्ण होते. नाहीतर तिसरीच कुठली एरर. यातलं काहीतरी एक होईपर्यंत ते ओव्हरलॅप्ड आणि तो बफर (वजन उतरायची मेमरीतली जागा) कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, ताब्यात असतो. मी ‘हो’ ऐकल्याबरोबर दोन्ही फ्री केले, म्हणजे ती मेमरी मोकळी केली, तिथे गिऱ्हाइकाचं नाव राहायला आलं, आणि मागून आलेलं वजन त्याच्यावर लिहिलं गेलं. लिनक्सवाल्यांनी हसू नये. तिकडे एआयओ-कॅन्सल या रद्द करायच्या फंक्शनचीही तीन उत्तरं आहेत: रद्द झालं, रद्द झालं नाही, आधीच संपलं होतं.

मामाला हे समजावत होतो, तर तो बर्फ फोडता फोडता म्हणाला, “रापण टाकल्यार मासो नाय म्हणान जाळा थंयच टाकून घराक येतत काय?” (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.)

हेच मला चार ओळींत कुणी आधी सांगितलं असतं तर! रद्द केल्यावर मागणीचा निकाल सांगणाऱ्या गेटओव्हरलॅप्डरिझल्टला ‘थांब’ सांगून मागणीचा शेवट ओढून घ्यायचा. किनाऱ्यावर आलेलं मोजायचं, रिकामं असलं तरी. मग फ्री करायचं. आणि हो, बफर फंक्शनच्या स्टॅकवर (त्याच्या तात्पुरत्या जागेत) ठेवू नका. फंक्शन परतलं की तीच गत होते.

इथे हे पुराण संपायला हवं होतं. पण मी ती ‘थांब’ ओळ घातली आणि प्रोग्राम कायमचा थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चहा झाला, वीज जाऊन आली (लॅपटॉप बॅटरीवर), तरी जैसे थे. टास्क मॅनेजरमधून एण्ड टास्क दाबलं. नाव यादीत तसंच. मागून मामा, “ह्यां बंद कित्याक होना नाय रे?” रांगेतले चौघे माझ्याकडे बघतायत. काय सांगणार?

खरं कारण असं, की रद्द करण्याचं काम शेवटी ड्रायव्हरचं, म्हणजे कन्व्हर्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, असतं. ऑपरेटिंग सिस्टीम मागणीवर ‘रद्द’ची खूण करते आणि ड्रायव्हरने त्यासाठी नोंदवलेलं कॅन्सल रूटीन हाकारते. ड्रायव्हरने ते नोंदवलंच नसेल किंवा चुकीचं लिहिलं असेल, तर मागणी त्याच्याच खिशात राहते. आणि ती संपल्याशिवाय तो थ्रेड सुटत नाही, म्हणून प्रोसेसही मरत नाही. कन्व्हर्टरवाल्या कंपनीच्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा सल्ला एकच, ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला. तिन्ही वेळा. कॅन्सल रूटीन म्हणजे काय, हे पलीकडच्या माणसाला मी फोनवर शिकवत होतो आणि तो मला विचारत होता, “सर, रीस्टार्ट केलं का?”

वैतागून शेवटी कन्व्हर्टरच उपसून काढलं. क्षणात मागणी एरर घेऊन परत आली आणि प्रोग्राम सुटला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

कणकवलीहून दुसऱ्या बनावटीचं कन्व्हर्टर आणलं आणि त्याच कोडवर ९९५ लगेच मिळाला. तरी आता मी बेमुदत थांबत नाही. प्रत्येक मागणीला स्वतःचा इव्हेंट (ती संपल्याची खूण), त्यावर फार तर दोन सेकंद वाट, आणि तेवढ्यात उत्तर नाही आलं तर लॉगमध्ये नोंद करून तो बफर तसाच सोडून देतो. फ्री मात्र करत नाही. थोडी मेमरी वाया गेली तर जाऊ दे, नावात सुरमई नको.

एक राहिलंच, आणि खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. सिरीयल पोर्टला सेटकॉमटाइमआउट्सने मुदत घालता येते. मी एक सेकंद घातली. काटा गप्प असला तर मागणी आपसूक रिकामी परत येते, आपण बटण बघतो, नाहीतर पुन्हा मागणी टाकतो. रद्द करायची वेळच क्वचित येते. चार दिवसांचं काम एका ओळीत, पण सुचलं चौथ्या दिवशी.

‘थांबवा’ बटण आता मस्त चालतं. मामा ते दाबत नाही. मी त्या दिवशी कन्व्हर्टर उपसताना त्याने बघितलं होतं. रोज रात्री तोही तेच उपसतो आणि खिशात घालून घरी जातो.