आतून हात न पोचणारा सांधा आणि नागदेवीच्या तीन फेऱ्या

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी कॉटला धरायचा दांडा बसवून घ्यायला सांगितलं. आमची कॉट लोखंडी आहे, 50 बाय 25 एमएमच्या चौकोनी पाइपची, दोन्ही टोकं वेल्डिंग करून बंद केलेली. लालबागच्या चाळीतल्या 10 बाय 12 च्या खोलीत दांडा कायमचा लावून चालणार नव्हता. दिवसा काढायचा, रात्री लावायचा. म्हणून वेल्डिंग बाद.

फॅब्रिकेटरने दांडा छान बनवला. कॉटच्या पाइपला भोकं पाडून त्याच पत्र्यात त्याने 8 एमएमचे आटे पाडले. "सोळा गेज जाडीचा पत्रा आहे ताई, बिनधास्त वापरा." तिसऱ्या आठवड्यात बाबा दांडा धरून उठत होते आणि वरचा बोल्ट आट्यांसकट बाहेर आला. मी शेजारी उभी होते म्हणून सावरलं. ते आठवलं की अजून हात थंड पडतात.

नंतर जाडी मोजायचं व्हर्नियर लावून पाहिलं, तर पत्रा 1.2 एमएम, म्हणजे अठरा गेज. 8 एमएम बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.25 एमएम असतं. त्या पत्र्यात एक आटासुद्धा पुरता बसत नव्हता! सोळा गेज असता, 1.6 एमएम, तरी सव्वा आटाच मिळाला असता. पातळ पत्र्यात नुसते आटे पाडून माणसाचा भार टाकू नका, ही पहिली गोष्ट.

आरपार बोल्ट का नाही टाकला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पाइपाच्या आतल्या बाजूला प्लायवूड टेकवायची अँगल आहे, तिथे पाना शिरत नाही. शिवाय पोकळ पाइप आरपार आवळला की दबतो, आत नळीचा तुकडा घालावा लागतो, आणि टोकं बंद असल्यावर तो घालणार कुठून? पॉप रिव्हेट, म्हणजे एकदा मारला की न निघणारा खिळा, मारला तर रोज सकाळी ड्रिलने उडवावा लागेल. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू रोज काढून-लावून चार दिवसांत सैल होतो.

मग नागदेवी, म्हणजे मुंबईतला नट-बोल्ट आणि हार्डवेअरचा बाजार. करी रोडहून स्लो लोकलने मशीद स्टेशन, तिथून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मला रजा फक्त शनिवारी मिळते, त्यामुळे एकेक फेरी म्हणजे एकेक आठवडा, आणि तोवर बाबांना रात्री आम्ही दोघी बहिणी आळीपाळीने उठवत होतो.

पहिल्या फेरीत मी सात दुकानं फिरले. मला वस्तूचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून मी सांगायची, "पाइपात आतून नट हवा, पण आत हात जात नाही." पहिल्या वाक्यालाच माणूस मागच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. एकाने साधे नट दाखवले. एकाने वेल्ड नट दाखवले, ते पत्र्याला आतून वेल्ड करायचे असतात, म्हणजे पुन्हा पाइप कापणं आलं. एकाने विचारलं, "घर में कोई जेंट्स नहीं है?" मी उत्तर दिलं नाही, पण तो प्रश्न अजून सलतो. शेवटच्या दुकानात एका पोऱ्याने कोपऱ्यातून एक डबा काढला आणि त्यात नेमकी तीच वस्तू होती, एका टोकाला कॉलर असलेली आणि आतून आटे असलेली नळी. "कितने चाहिए?" मी म्हटलं, आठ. डबा परत फळीवर गेला. "पूरा पैकेट लेना पड़ेगा, सौ नग." सुटे देणार नाही म्हणजे नाही. मी रिकाम्या हाताने परतले, पण नाव कळलं होतं, डब्यावर लिहिलेलं: रिव्हेट नट. कुणी नटसर्ट म्हणतं, कुणी इन्सर्ट.

दुसऱ्या फेरीत नाव सांगितल्यावर कामं भराभर झाली, आणि तिथेच फसले. सुटे देणारं दुकान मिळालं. घरी आणलेले नट हलके लागले, ॲल्युमिनियमचे निघाले. भाराच्या कामाला लोखंडीच हवेत. बरोबर घेतलेले बोल्ट दोन फेरे छान फिरले आणि अडकले. ते अडीच सुती होते. अडीच सूत म्हणजे 5/16 इंच, 7.94 एमएम. डोळ्यांना आणि बोटांना तो 8 एमएमच वाटतो, पण त्याचे आटे इंचाला 18, म्हणजे 1.41 एमएमवर एक. जोर लावला असता तर नट कायमचा गेला असता. म्हणून बोल्ट आणि नट दुकानातच एकमेकांत शेवटपर्यंत फिरवून बघा, नुसत्या बोटांनी.

तिसऱ्या फेरीला मी त्याच जाडीच्या पाइपाचा चार इंची तुकडा पिशवीत घेतला आणि एका अरुंद दुकानात काही न बोलता काउंटरवर ठेवला. काउंटरमागच्या काकांनी तो उचलून कडेवरून अंगठा फिरवला. "पत्रा बारीक आहे. काढघाल होणार का?" हो म्हटलं. "भार?" माणसाचा, म्हटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी कामाचे प्रश्न विचारत होतं. त्यांनी अंगावर उभ्या रेघा असलेले लोखंडी नट काढले. गुळगुळीत अंगाचा नट भोकात गरगर फिरतो, रेघा पत्र्याला धरतात. आठ नट, आठ ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले), वायसर, सगळं सुटं दिलं. मला अक्षरशः भरून आलं.

8 एमएमच्या रिव्हेट नटला भोक 11 एमएमचं लागतं. घरच्या ड्रिलचा चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, बहुधा 10 एमएमचा असतो, त्यात 11 ची साधी बिट जात नाही. शेजाऱ्यांची 13 एमएम चकची मशीन आणली. आधीची 6.8 ची भोकं होतीच, ती आधी 9, मग 11 केली आणि कडा कानशीने साफ केल्या. हात हलला की भोक लंबगोल होतं. माझं एक झालं, त्यातला नट फिरला आणि मला भोक बाजूला सरकवून नवं पाडावं लागलं.

बसवायचं हत्यार विकत घ्यायची गरज नाही. ॲलन बोल्टवर साधा नट, मग ग्रीस लावलेले दोन वायसर, आणि बोल्ट रिव्हेट नटात शेवटपर्यंत. भोकात घालून कॉलर पत्र्याला टेकवायची. 6 च्या ॲलन कीने बोल्ट गच्च धरायचा, हलू द्यायचा नाही, आणि 13 च्या पान्याने साधा नट आवळायचा. आतली नळी फुगून पत्र्यामागे बसते. पाना आधी सहज फिरतो, मग एकदम जड होतो. तिथे थांबायचं, पुढे आटे तुटतात. आधी पाइपाच्या तुकड्यावर एक बसवून पाहिला म्हणून ते जड होणं हाताला कळलं.

दांड्याला चार बोल्ट आहेत. पहिल्या रात्री त्यावर मी स्वतः लोंबकळून पाहिलं, बहिणीला लोंबकळायला लावलं, मगच बाबांना हात लावू दिला. आता दीड महिना झाला, रोज काढघाल चालू आहे, एकही आटा हललेला नाही. उरलेले दोन नट एका डबीत ठेवलेत आणि झाकणावर मार्करने लिहिलंय: 8 एमएम, भोक 11, लोखंडी.