पंपाला कुठून कळणार?

मला मधुमेह आहे, अंगावर इन्सुलिनचा पंप असतो. "तुझं काय बाबा, पंप सगळं आपोआप करतो!" सोबत पळणाऱ्यांचं हे ठरलेलं वाक्य. करतो ना. रात्रभर दर पाच मिनिटांनी साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा बघून इन्सुलिन कमी-जास्त करतो, मी मस्त झोपतो. पण सहा वाजता मी पळायला निघणार, हे त्याला कुठून कळणार?

पंप इन्सुलिन थांबवू शकतो, दिलेलं परत घेऊ शकत नाही. त्वचेखाली गेलेलं इन्सुलिन पुढचे तीन-चार तास तरी काम करत राहतं. त्यात पळताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. सेन्सर मोजतो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर, त्यामुळे शुगर झपाट्याने उतरताना त्याचा आकडा रक्ताच्या मागेच असतो. म्हणून सहाला पळायचं तर साडेचारलाच व्यायामाचं टार्गेट लावतो, म्हणजे पंपाने शुगर नेहमीपेक्षा थोडी वर धरून इन्सुलिन कमी द्यायचं; माझ्या पंपात ते १५० mg/dL. निघण्याआधीच्या दोन तासांत काही खाल्लं तर बोलस, म्हणजे खाण्यासाठी घ्यायचा इन्सुलिनचा डोस, पाव ते एक तृतीयांशाने कमी. हे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवलंय.

खरी मोडावी लागली ती इंजेक्शनच्या काळातली सवय. तेव्हा निघायच्या अर्धा तास आधी काहीतरी खाऊन शुगर चढवून ठेवायचो. आता तसं केलं की पंपाला शुगरची रेघ वर जाताना दिसते आणि तो इमानेइतबारे इन्सुलिन वाढवतो. म्हणजे पळायला सुरुवात करताना अंगात नको तितकं इन्सुलिन! आता खातो ते अगदी निघताना, दहा-पंधरा ग्रॅम कार्ब्स, तेही शुगर १२६च्या खाली असेल तरच. पुढचं पळता पळता, थोडं थोडं. लो झाली तरी बहुतेकदा पाच-दहा ग्रॅम पुरतात, कारण पंपाने आधीच हात आखडता घेतलेला असतो.

वजनं उचलली किंवा स्प्रिंट मारल्या की उलटंच, अ‍ॅड्रेनालिनमुळे शुगर चढते. तेव्हा वरून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायला जास्तीचं इन्सुलिन, द्यायचा मोह आवरतो. पोहायला पंप काढला तर स्क्रीनवरही थांबवतो, नाहीतर शरीरात न गेलेलं इन्सुलिन तो गेलंय असं धरून चालतो.

राहता राहिलं ऐनवेळचं बॅडमिंटन. "चल, कोर्ट मिळालंय!" असा फोन आला की आधी अंगात शिल्लक इन्सुलिनचा आकडा पंपावर बघतो. जास्त असेल तर पहिला गेम मी पंच.