येरेवानमध्ये वर्षअखेर

आज इथे, आर्मेनियाच्या राजधानीत, एका मदत संस्थेत वर्षभराच्या याद्या जुळवायला गेले होते, आमच्या मेडिकल कॉलेजातल्या दोघीतिघींसोबत. ब्लँकेटं लॉस एंजेलिसहून, औषधांचे पैसे पॅरिसहून, लहान मुलांचे बूट बैरूतहून. बैरूत! २०२० च्या बंदरातल्या स्फोटात तिथल्या आर्मेनियन वस्तीचीही पडझड झाली, त्यात लेबनॉनचा पैसा मातीमोल झालेला. तरी तिथून बूट येतात. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने लष्करी ताबा घेतल्यावर नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून एक लाखाहून अधिक माणसं जेमतेम आठवड्याभरात इकडे आली. जेमतेम तीस लाखांचा हा देश. देशाबाहेरचे आर्मेनियन त्याहून कितीतरी जास्त, आणि मदत पाठवायची त्यांची सवय जुनी आहे: आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन कैरोत १९०६ साली सुरू झाली, म्हणजे ऑटोमन साम्राज्यातल्या १९१५ च्या आर्मेनियन नरसंहाराच्याही आधी. इथल्या १९८८ च्या भूकंपातही जगभरातले आर्मेनियन असेच धावून आले होते.

दुपारी काराबाखमधल्या स्तेपानाकेर्त शहरातून आलेल्या एक आजी आल्या. खोका घेतला, आभार मानले आणि म्हणाल्या, "शिलाई मशीन मिळेल का? मला काम येतं."

मला त्यांचं अगदी पटलं. ब्लँकेटं हवीतच, इथली थंडी जीवघेणी असते. पण पुढच्या वर्षी घरभाडं आणि रोजगार यांवर जास्त पैसा जायला हवा, हे मी तिथल्या ताईंना सांगितलंही.

शनिवारी खोके वाटायचे आहेत. येरेवानमध्ये कुणाकडे गाडी असेल तर कळवा.