तीन चौकटींचा रतीब

वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रमालिका काढणे हा माझा व्यवसाय असून त्याची सुरुवात वेंगुर्ल्यातील माझ्या शाळेच्या हस्तलिखितात झाली, असे मी नि:संकोच सांगतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी आमच्याकडून घागरी-तांबे घोटवून घेणारे चित्रकलेचे सर हस्तलिखितासाठी मात्र माझी गमतीची चित्रे आवर्जून मागत. अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांना हे भाग्य लाभले नव्हते. त्यांच्या शाळेच्या वार्षिकाने त्यांची चित्रे नाकारली, टपालाने घेतलेल्या चित्रकलेच्या शिक्षणात मुले रेखाटण्याच्या धड्यालाच त्यांना बेताचे गुण पडले. आणि त्यांनीच पुढे १९५० ते २००० अशी पन्नास वर्षे ‘पीनट्स’ ही मुलांची मालिका मदतनीस न घेता काढली.

रोजचा रतीब घालणाऱ्याला सुचण्याची वाट पाहता येत नाही. ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘चिंटू’मागे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन डोकी होती, याचा मला आजही हेवा वाटतो.

हात वळणदार असला की भागते, असा समज आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ शब्द छाटण्यात जातो. आधी संवाद लिहायचा, मग त्याभोवती फुगा आणि उरलेल्या जागेत पात्र. हा क्रम उलटला की शेवटचा शब्द चौकटीच्या कडेला चेंगरतो. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने ओळींत अंतर अधिक सोडावे लागते, म्हणून फुग्यात तिसऱ्या ओळीपुढे मी सहसा जात नाही. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरून दाट रेषांचा काळा डाग होतो, त्यामुळे सावलीच्या रेषाही ऐसपैस ओढाव्या लागतात.

पावसाळ्यात तर आपल्याकडे कोरा कागदच सर्द होतो, निब अडखळते आणि रेषेच्या कडा फुटतात. पूर्वी मूळ चित्रे टपालाने मुंबईला जात आणि घाटात दरड कोसळली की पाकीट वाटेतच अडके. त्यामुळे चित्रे आगाऊ तयार ठेवण्याची सवय लागली. गणपतीच्या माटवीवरचा (मूर्तीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीवरचा) विनोद भर मृगात सुचवून घ्यावा लागे. आता चित्र स्कॅन करून क्षणात पाठवता येते, दरडीचा प्रश्न उरलेला नाही. मात्र आठवड्याची चित्रे एकदम मागणारे संपादक हल्ली संध्याकाळी विषय कळवून रात्री चित्र मागतात.